साडूंची फाईल हलकी करताना

जगातल्या यच्चयावत वस्तूंना, माणसांना आणि प्रसंगांना किलोत मोजणारा दुसरा माणूस जालना जिल्ह्यात तर सोडाच, पण उभ्या महाराष्ट्रात सापडायचा नाही, असं मी माझ्या परतूरच्या साडूंबद्दल पैजेवर सांगायला तयार आहे. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. त्यांनी सगळी नोकरी परतूरच्या एका जिनिंगच्या वजनकाट्यावर काढली. कापसाची भरलेली गाडी काट्यावर घ्यायची, आकडा लिहायचा, माल उतरवून गाडी रिकामी आली की पुन्हा घ्यायची, मोठ्या आकड्यातून लहान आकडा वजा करायचा आणि कापूस ओलसर असेल तर ओलाव्याची कट, म्हणजे वजावट, धरायची, एवढंच काम. निवृत्त होऊन त्यांना आता बरीच वर्षं झाली, पण समोर कोणीही आलं की त्याला भरलेली गाडी समजण्याची सवय काही गेली नाही. माझ्या लग्नात बाकीचे पाहुणे नवरदेवाच्या रूपाबद्दल खरंखोटं बोलत होते तेव्हा हे मांडवाच्या खांबाला टेकून माझ्याकडे एकटक बघत होते. मला वाटलं, नव्या साडूला मायेनं न्याहाळतायत. जवळ जाऊन नमस्कार केला तर म्हणाले, "अठ्ठावन्न. फेटा अन् हार उतरवला की छप्पन." हाच आमचा पहिला संवाद.

पुढं माझी मुलगी झाली तेव्हा बारशाला आले. बायका पाळणा म्हणत होत्या. यांनी मुलीला दोन्ही हातांवर घेतलं, डोळे मिटले, तिला हलकेच वरखाली केलं आणि पाळणा अर्ध्यावर थांबवून जाहीर केलं, "साडेतीन किलो. दुपटं ओलं हाये, थोडी कट धरा." यात मौज अशी की त्यांचे अंदाज बरोबर येतातच असं मुळीच नाही. माझ्या चुलत्यांना त्यांनी एकदा भरल्या पंगतीत नव्वद किलोचे ठरवलं. चुलते चिडले, जेवण झाल्यावर तसेच रेल्वे स्टेशनवर गेले, तिथल्या रंगीत दिव्यांच्या मशीनवर उभे राहिले आणि अठ्ठ्याहत्तरचं तिकीट घेऊन परत आले. साडूंनी तिकीट उलटंसुलटं करून पाहिलं, त्याच्या मागचं भविष्य मोठ्यानं वाचलं आणि परत देत म्हणाले, "मशीनला सर्व्हिसिंग न्हाई बराबर." चुलते त्यानंतर त्यांच्या पंगतीला कधी बसले नाहीत.

असा हा वजनाचा जाणकार स्वतः मात्र कधी हलकं चालत नाही. परतूरहून जालन्याला यायचं म्हणजे रेल्वेनं तास-दीड तासाचा रस्ता. पण साडू एका मुक्कामाला येतात तेव्हा त्यांच्यासोबत उशी असते, कारण परक्या उशीवर मान धरते. परतूरचं पाणी असतं, कारण जालन्याच्या पाण्यानं पोट धरतं. टॉर्च असतो, सुतळीचं बंडल असतं, चपलेचा जादा जोड असतो आणि एका पिशवीत नुसत्या घड्या घातलेल्या पिशव्या असतात. स्टेशनावरून ऑटोवाला त्यांना एकटी सवारी म्हणून घ्यायला तयार होत नाही. बोलण्याचंही तसंच. गाडी उशिरा आली एवढंच सांगायचं असलं तरी सुरुवात सकाळी दात घासण्यापासून होते, मध्ये दंतमंजन विकणाऱ्याच्या मुलीचं लग्न येतं, त्या लग्नातला बुंदीचा घोटाळा येतो, आणि मग "मंग काय झालं" असं म्हणून ते दम घेतात. त्यांचा फोन आला की मी तो माझ्या दुकानाच्या काउंटरवर उताणा ठेवतो, दोन गिऱ्हाइकांच्या झेरॉक्स काढून देतो आणि परत येऊन "बरोबर आहे भाऊ" म्हणतो. ते खरंच बरोबर असतं की नाही हे मला आजवर कळलेलं नाही, पण त्यांनी कधी तक्रार केली नाही.

टाकून देणं हा प्रकार त्यांना ठाऊकच नाही. त्यांच्या घरात बंद पडलेले तीन रेडिओ आहेत आणि तिघांवरही स्वच्छ धुतलेली कव्हरं आहेत. मोबाईल सदा भरलेला. त्यात सकाळच्या शुभेच्छांची फुलं, वाफाळणारे चहाचे कप, समया, हत्ती, सगळं जसंच्या तसं. मी एकदा म्हटलं, भाऊ, हे पुसून टाकलं तर फोन जरा पळेल. त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मला माझीच लाज वाटली. म्हणाले, "अवो पाव्हणे, माणसानं सकाळी उठून आपली याद काढली, फूल धाडलं, अन् मी ते पुसू? पळून कुठं जायचंय फोनला?" माझं जुन्या जालन्यात टायपिंग आणि डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, शाळांचे अहवाल, सोसायट्यांच्या नोटिसा. माझा पिंडच काटछाट करण्याचा. त्यामुळे आमच्या दोघांचं जमू नये अशी सगळी सोय परमेश्वरानं करून ठेवली होती, पण बायका सख्ख्या बहिणी असल्यानं इलाज नव्हता.

काहीही न टाकणाऱ्या या माणसानं आयुष्यात एकच गोष्ट टाकली होती, ती म्हणजे सख्खा थोरला भाऊ. हे थोरले त्यांच्या गावी, भोकरदन तालुक्यातल्या धावड्याला, शेती बघतात. आई त्यांच्याकडेच असते. तिला गावात सगळे 'माय' म्हणतात, म्हणून आम्हीही म्हणतो. भांडणाचं कारण जमीन नाही, पैसा नाही. थोरल्यांच्या मुलाच्या लग्नात, अक्षता पडायच्या आधी, आमच्याकडच्या रिवाजाप्रमाणं माईकवरून पाहुण्यांची नावं पुकारून सत्कार चालला होता. माईकवर गावातले एक गुरुजी होते. त्यांनी सरपंचांचं नाव घेतलं, शेजारच्या गावच्या सरपंचांचं घेतलं, ट्रॅक्टरच्या शोरूमवाल्याचं घेतलं, मंडपवाल्याचंही घेतलं. नवरदेवाच्या सख्ख्या चुलत्याचं नाव मात्र आलंच नाही. साडू पहिल्या रांगेत, नाव आल्याबरोबर उठता यावं म्हणून खुर्चीच्या टोकाशी बसून होते. अक्षता पडल्या तसे ते उठले आणि फेट्यासकट थेट एस.टी.च्या थांब्यावर जाऊन बसले. थोरल्यांनी जेवायला बोलवायला माणूस पाठवला. साडू म्हणाले, "माईकवरून बोलवा." थोरल्यांनाही राग आला. घरच्या माणसाचा कुठं सत्कार असतो का, घरचा माणूस तर सत्कार करणाऱ्यांत धरायचा, असं त्यांचं म्हणणं. दोन्ही म्हणणी आपापल्या जागी सोळा आणे खरी असल्यामुळे अबोला पक्का झाला. तेव्हापासून साडू भावाचं नाव घेत नाहीत, 'धावडेकर' म्हणतात. स्वतःही धावड्याचेच आहेत, हे त्यांना कोणी आठवून देत नाही.

आईला भेटायला मात्र जातात. परतूरहून निघून आदल्या दिवशी आमच्याकडे मुक्काम, आणि थोरले भोकरदनच्या बाजाराला गेले असतील तो दिवस साधून धावड्याला. एस.टी.तून उतरले की आधी हॉटेलवाल्याला विचारायचं, धावडेकर गेले का. गेले असं कळलं की मग घर. मायजवळ दोन तास बसायचं, तिचं वजन किती उतरलं याचा अंदाज घ्यायचा आणि थोरले परतायच्या आत निघायचं. मायला हे सगळं कळत होतं. तिनं एकदा माझ्या बायकोला सांगितलं होतं की थोरल्याला बाजारात काडीचं काम नसतं, पण धाकटा येणार असं कानावर आलं की तो पिशवी घेऊन निघतो. बायकोनं हे मोठ्या आशेनं साडूंच्या कानावर घातलं. ते म्हणाले, "म्हंजे तोंड बघायचं न्हाई त्यांना माझं. ठीक हाये."

गेल्या पावसाळ्यात मायच्या डोळ्यांचं निघालं. काचबिंदू. जालन्याच्या डॉक्टरांनी सांगितलं की एक डोळा गेलेलाच आहे, दुसऱ्याला जवळचं दिसतंय, पण दिवाळीनंतर काय राहील ते सांगता येत नाही. त्या दिवशी साडू दवाखान्यातून आमच्या घरी आले, जेवले नाहीत, कोणाचं वजन सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिता पिता म्हणाले की मायसाठी एक पुस्तक करायचं. तिच्या सगळ्या जन्माचे फोटो, माहेरचे, सासरचे, शेताचे, नातवंडांचे, मोठे आणि ठळक, खाली दोन ओळी. एक डोळा आहे तोवर तिनं ते बघितलं पाहिजे. मी म्हटलं, भाऊ, फोटो द्या, मी करतो. ते म्हणाले, न्हाई, आई माझी हाये, मी करतो, तुमी फक्त छापा.

झालं. साडू परतूरला गेले आणि संगणकासमोर बसले. जिनिंगमध्ये शेवटी शेवटी काट्याला संगणक जोडला होता, त्यामुळे त्यांना कळफलकाची भीती नव्हती. वर्डमध्ये फाईल उघडून ते एक एक फोटो आत घालू लागले. नातेवाइकांकडून जुने फोटो गोळा केले, ते परतूरच्या स्टुडिओत जास्तीत जास्त चांगले स्कॅन करून घेतले. चांगलं म्हणजे जड, हे त्यांचं सरळ गणित. महिनाभर काम चाललं. मग एके दिवशी फोन आला आणि या वेळी दंतमंजनापासून सुरुवात झाली नाही. "पाव्हणे, फाईल जाऊन न्हाई राह्यली."

मी ज्या संभाजीनगरच्या प्रेसकडून रंगीत कामं करून घेतो, तो प्रेसवाला पेन ड्राइव्ह विंचवासारखा लांब धरतो. व्हायरस येतो म्हणे. फाईल मेलनंच पाहिजे, आणि मेलला वीस-बावीस एमबीच्या पुढं काही जात नाही. साडूंची फाईल साडेतीनशे एमबीची होती. मी फोनवर सांगितलं, भाऊ, लहान करा. इथं माझी चूक एवढीच की कसं करायचं ते सांगायच्या आत त्यांनी फोन ठेवला. पुढचे आठ दिवस त्यांनी आपल्या पद्धतीनं फाईल लहान केली. आधी त्यांनी अक्षरं लहान केली, इतकी की मुंगीला चष्मा लागावा. वजन तेच. मग ओळींमधल्या मोकळ्या जागा काढल्या. मग सगळ्यांच्या नावांमागचं 'श्री.' काढलं, पण ते अपमानाचं वाटलं म्हणून परत घातलं. मग फोटोंचे कोपरे धरून ते ओढून ओढून पोस्टाच्या तिकिटाएवढे केले. तरी वजन तेच. मग त्यांना वाटलं, फाईलचं नावच लांब आहे, 'आमची माय तिचा जीवनप्रवास अंतिम नवीन पक्की' असं होतं, ते काढून नुसतं 'माय' ठेवलं. शेवटी कोणीतरी झिप करायला सांगितलं, ते केलं, आणि मला संतापून फोन केला, "पाव्हणे, हे तर कापूस पोत्यात भरल्यासारखं झालं. पोतं बांधलं म्हून काय कापूस हलका होतो का?" आणि फाईलच्या पेन ड्राइव्हसकट, उशी, पाणी, टॉर्च घेऊन ते जालन्याला येऊन थडकले. दिवाळी तीन आठवड्यांवर आली होती.

दुकानात माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसले. फाईल उघडायला इतका वेळ लागला की मी चहा मागवला, चहा आला, प्यायलो, कप गेले, तेव्हा कुठं पहिलं पान दिसलं. ओढून लहान केलेले फोटो आणि अक्षरं मी आधी पुन्हा मोठी केली. पहिल्याच पानावर काट्याचे चार दिशांनी काढलेले चार फोटो. मी विचारलं, भाऊ, हे मायचं पुस्तक ना? ते म्हणाले, "मायला कळायला नको का, पोरगा जनमभर कुठं उभा व्हता ते?" पुढं त्यांचा निवृत्तीचा सत्कार होता, एकवीस फोटोंत. शाल पांघरताना, शाल पांघरल्यावर, नारळ घेताना, नारळ दुसऱ्या हातात घेताना. आयुष्यात एकदाच माईकवरून त्यांचं नाव पुकारलं गेलं होतं ते त्या दिवशी, त्यामुळे त्यांनी त्यातला एकही फोटो सोडला नव्हता. पुढं मायचे फोटो सुरू झाले, आणि त्यात मला एक चमत्कारिक गोष्ट दिसायला लागली. बऱ्याच फोटोंत साडूंच्या खांद्यावर एक गुलाबाचं फूल होतं. शेतात उभे आहेत, खांद्यावर गुलाब. बैलगाडीत बसलेत, खांद्यावर गुलाब. सात-आठ वर्षांचे आहेत, चड्डीला बटण नाही, पण खांद्यावर टवटवीत लाल गुलाब, आणि तोही संगणकातला, लग्नपत्रिकेवर घालतो तसला.

"भाऊ, ही फुलं कसली?"

"शोभेला," ते म्हणाले आणि खिडकीतून बाहेर बघायला लागले.

मी एका फोटोवर क्लिक करून कापण्याचं बटण दाबलं. ज्यांनी हे कधी केलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. वर्डमध्ये फोटो कापला म्हणजे आपल्याला वाटतं की कापलेला तुकडा गेला. तो जात नाही. तो नुसता झाकला जातो आणि आपलं सगळं वजन घेऊन आतच बसून राहतो. फोटो लहान ओढला तरी तेच. कापायचं बटण दाबलं की झाकलेला भाग काळपट सावलीसारखा चौकटीबाहेर दिसतो. तसा तो दिसला. साडूंच्या बाजूला, काळपट सावलीत, थोरले उभे होते. त्यांचा हात साडूंच्या खांद्यावर होता. माणूस कापता आला, पण चौकट सरळ रेषेत कापते, हात काही निघेना, म्हणून यांनी हातावर गुलाब चिकटवला होता. दुसऱ्या फोटोत तेच, तिसऱ्यात तेच. सगळ्या पुस्तकातून त्यांनी थोरल्यांना शिस्तीत कापून काढलं होतं, आणि थोरले सगळ्या पुस्तकात जसेच्या तसे हजर होते.

साडू आता पडद्याकडे बघत होते. "हे कुठून आले?"

"गेलेच नव्हते, भाऊ. तुम्ही झाकलं होतं फक्त. फाईल जड झाली त्याचं एक कारण हेच."

"म्हंजे धावडेकर आतच हायेत?"

"सगळ्या पानांवर."

मी त्यांना नीट समजावलं. मायच्या एका डोळ्यासाठी फोटो ठळक हवेत, म्हणून मला ते फार दाबून हलके करता येणार नव्हते. थोडे दाबले तरी मेलच्या मर्यादेच्या वर बरंच वजन राहत होतं आणि ते कुठून तरी काढायलाच हवं होतं. एक सोपा उपाय होता. वर्डमध्ये एक खूण करायची सोय असते, कापलेला भाग कायमचा पुसा, अशी. ती खूण केली की सगळ्या फोटोंतल्या झाकलेल्या सावल्या एका दमात गेल्या. मग फाईल बिनतक्रार मेलनं जाईल. दुसरा उपाय म्हणजे काही फोटोच काढून टाकायचे.

"पुसलं तर मंग परत येतं का?"

"या फाईलीत नाही येत. मूळ फोटो तुमच्याकडे असतील ना?"

ते नव्हते. ते स्टुडिओवाल्याच्या संगणकात होते आणि तो संगणक बसला होता. कागदाचे फोटो ज्याचे त्याला परत केले होते, त्यातले निम्मे धावड्याचे, मायनं गुपचूप दिलेले. आता ते परत मागायचे म्हणजे पुन्हा बाजारचा दिवस साधायचा. इतके दिवस हातात नव्हते.

मी ती खूण करायची चौकट उघडून ठेवली आणि माऊस त्यांच्यासमोर सरकवला. त्यांनी तो परत माझ्याकडे सरकवला. मग त्यांनी मला मागं जायला सांगितलं, आणखी मागं, एका फोटोपाशी थांबवलं. नोकरीला लागले तेव्हाचा फोटो. अंगात बाह्या बोटांपर्यंत आलेला पांढरा शर्ट. खांद्यावर गुलाब. "याला उघडा पुरा," म्हणाले. मी कापलेलं सगळं मोकळं केलं, गुलाब काढला. शेजारी थोरले होते, बनियनवर, गळ्यात उपरणं गुंडाळलेलं, स्वतःचा फोटो काढून घ्यायला आलेला माणूस बनियनवर का, असा प्रश्न पडावा असे.

"घरात शर्ट एकच व्हता," साडू म्हणाले. "त्याचा व्हता. जिनिंगच्या मालकासमोर उघडा कसा जातोस म्हणला अन् अंगातला काढून दिला. मंग फोटोला म्हणलं, आता तरी घाल, तर म्हणला, नोकरी तुला लागली, तूच घाल." एवढं सांगायला त्यांना एरवी अर्धा तास लागला असता. त्या दिवशी ते चार वाक्यांत सांगून मोकळे झाले, आणि मला त्यांची फार माया आली. इतक्या वर्षांत मला हा माणूस कटकट वाटला, गंमत वाटला, पण माया त्या दिवशी आली, हे सांगायला मला संकोच वाटत नाही.

"पुसू नका," ते म्हणाले. "सगळे उघडा."

"मग वजन कुठून काढायचं, भाऊ?"

त्यांनी पुन्हा पहिल्या पानावर न्यायला सांगितलं आणि काट्याच्या चारही फोटोंवर बोट ठेवलं. मी ते काढले. मग सत्काराचे एकवीस. शालीचे गेले, नारळाचे गेले. माईकवर त्यांचं नाव पुकारणाऱ्या साहेबांचा एक फोटो होता, त्याच्यापाशी माझाच हात थांबला. "काढा, काढा. जल्दी करा," म्हणाले. मी फोटो थोडे दाबले, जिथं जिथं थोरले होते तिथं तिथं त्यांना मोकळं केलं, वीसेक गुलाब काढले. फाईल मेलनं जाण्याइतकी खाली आली. आता फक्त फोटोंखालच्या ओळी राहिल्या होत्या. साडूंनी फोटो कुठं काढला ते आणि प्रत्येकाचं पूर्ण नाव, गाव, हुद्दा घातला होता. थोरल्यांच्या नावाची जागा आता सगळीकडे रिकामी होती. मी बोटं कळफलकावर ठेवून विचारलं, "यांचं काय लिहू?" धावडेकर म्हणतात की काय अशी मला धास्ती होती. साडू म्हणाले, "बाकी काही नको. नुसतं 'दादा' घाला."

दिवाळीच्या आधी पुस्तकं छापून आली. साडू म्हणाले, गठ्ठा जड आहे, तुम्ही चला. गठ्ठा काही जड नव्हता, पण मी गेलो. बाजाराचा दिवस नव्हता. धावड्यात उतरल्यावर त्यांनी हॉटेलवाल्याला काही विचारलं नाही. थोरले अंगणात वाळलेल्या मिरच्या निवडत बसले होते. त्यांनी वर पाहिलं, मग मला म्हणाले, "कवा निघाल्ते जालन्याहून?" मी सांगितलं. मग त्यांनी आत चहा सांगितला, किती कप ते मोजून सांगितलं, आणि त्यात साडूंचा कप होता. मी पुस्तक मायच्या हातात दिलं. तिनं ते चांगल्या डोळ्याजवळ नेलं, पान डोळ्याला लागेल इतकं जवळ, आणि एक एक फोटो बोटानं चाचपत बघू लागली. एक पुस्तक थोरल्यांनी उचललं. बोट ओलं करून पानं उलटत गेले. शर्टाच्या फोटोवर थांबले. खालची ओळ वाचली असावी, कारण बराच वेळ पान उलटलं नाही. साडू उभेच होते, पिशव्या हातात घेऊन.

शेवटी थोरले पुस्तकाकडेच बघत म्हणाले, "हे चूक छापलं. फोटो परतूरचा न्हाई. जालन्याला काढल्ता."

"परतूरचाच हाये," साडू म्हणाले.

"जालन्याचा. आपण परतूरहून रेल्वेनं आल्तो. तुला उलटी झाल्ती."

"उलटी मला न्हाई, तुला झाल्ती."

"मला? मी जनमात कधी रेल्वेत उलटी केली न्हाई."

पिशव्या खाली आल्या. साडू मिरच्यांच्या ढिगापलीकडे बसले आणि उलटी कोणाला झाली होती हे सुरुवातीपासून, म्हणजे त्या दिवशी सकाळी काय खाल्लं होतं तिथपासून सांगायला लागले. थोरले दर वाक्याला त्यांना खोडत होते. दोघांचे आवाज चढत गेले. रस्त्यानं जाणारा एक जण थांबून बघायला लागला. मला वाटलं, झालं, एवढी मेहनत करून आता पुन्हा बिनसणार. मी उठायला लागलो तसा मायनं माझा हात धरला.

"काय करून राह्यलेत?"

"भांडतायत, माय. फोटो कुठं काढला त्यावरून."

"दोघं?"

"दोघं."

"मंग जाऊ नको मधी. चालू दे." तिनं पुस्तक मिटलं, मांडीवर ठेवलं आणि त्यावर दोन्ही हात ठेवले. मग तिनं डोळेही मिटून घेतले, आणि मान अंगणाकडे वळवून, ऐकत बसली.